पाला अन् हळद

आंबदरी, ता. संग्रामपूर
दि. २९ डिसेंबर २०२२

चि. भाऊराव यास,
बाईचा जय भीम. आशीर्वादही हायेत, पण ते मागून घेजो, आधी माझं ऐक.

फोन काऊन उचलत नाहीस बे? सकाळी लावला, दुपारी लावला, वहिनीच्या नंबरवर लावला. तुमच्या घरातल्या सगळ्यायचे कान एकाच दिवशी बसले काय? बुलढाणा थंड हवेचं गाव हाये, मले माहीत हाये. पण माणूस इतका गोठून जाते का बहिणीचा फोन आला तं हात वर होत नाही, हे आता समजलं.

आता तू लावशीन तरी लागणार नाही. माझ्या फोनातलं कार्ड मी काढून पिठाच्या डब्यात टाकलं. कोण कोण लावते अन् शिव्या देते. एक जण तं काही बोलतच नाही, तोंडानं नुसता ठो असा आवाज काढते अन् ठेवून देते. सुनेचा मोठा फोन पोलिसायनं तपासाले म्हणून जमा केला. म्हणून चौथी शिकलेली बाई पत्र लिहून राह्यली. हसू नको. वस्तीतला प्रेमानंद बुलढाण्याच्या गाडीवर कंडक्टर हाये, त्याच्या हातानं धाडते.

तुले अर्धं माहीत असीन, पूर्ण सांगते. सरपंचाची जागा अवंदा बाईची निघाली. नारायणरावानं आपली बायको मंजुळाबाई उभी केली. समोरून किराणावाल्याची सून अश्विनी. मतदानाच्या आदल्या दिवशी ऊन उतरता उतरता नारायणरावाचा भाऊ हरिओम पितळेचं ताट घेऊन आपल्या वस्तीत आला. ताटात बेलाचा पाला अन् भंडारा. गावात घरोघरी शपथा घेऊनच आले होते ते. म्हणे तुमीही उचला, मत मंजुळाबाईलेच देऊ म्हणून. आपले म्हातारे म्हणाले, बाबा, आमी बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं, आमचा या ताटाशी संबंध नाही. हरिओमचं डोकं सणकलं. म्हणे उचलत नाही म्हणजे मत देत नाही, सरळ सांगा ना.

ताणाताणी वाढून राह्यली होती. इकडे माझ्या चुलीवर वांगे करपून राह्यले होते, अन् मले असं ताटकळत उभं राहणं जमत नाही, तुले माहीत हाये. मी पुढं झाली अन् म्हटलं, उचला रे बाबा, पाला हाये अन् हळद हाये, आपल्याले काय बाधते? हळद भाजीत टाकू, पाला बकरीले. मी उचलला, मंग सगळ्यायनं उचलला. हरिओम खुश होऊन गेला, आमी हसत घरी गेलो. मले वाटलं भांडण मिटवलं मी.

मत आमी द्यायचं त्यालेच दिलं. गुप्त मतदान म्हणतेत ना? कायचं गुप्त? आपल्या वॉर्डाची मशीन वेगळी. तिच्यात आपली वस्ती अन् वरची पाच-सात घरं. मोजणीत मशीन उघडली अन् मंजुळाबाईच्या नावापुढं त्या वरच्या घरायचीच मतं निघाली. थोडक्यात पडली बाई. मंग गावानं हिशोब लावायले किती वेळ लागते?

त्याच दिवशी दिवेलागणीले अश्विनीची मिरवणूक वस्तीत आली. डीजे, गुलाल. विहाराच्या कोपऱ्यावर मोठा ठो झाला. पोट्टे हसले, फटाका समजले. मंग विहाराच्या गच्चीवरच्या काळ्या टाकीतून पाण्याची धार लागली. खाली नाचणारे भिजले अन् अजूनच नाचले. कोणालेच समजलं नाही का ती गोळी होती.

समजलं फक्त आपल्या दीपमालाले. ती कोपऱ्यावर उभी होती, तिच्यापासून हरिओमचा पोरगा जीवन दोन हातावर. तिनं त्याच्या हातात कट्टा पाह्यला अन् जॅकेटात घालताना पाह्यला. त्याले ती लहानपणापासून ओळखते. ती गावची आशाताई हाये, त्याच्या बहिणीच्या बाळंतपणात रात्री दवाखान्यात हीच घेऊन गेली होती. तिनं पोलिसायले नाव सांगितलं. बाकी बघणारे पन्नास, पण सगळ्यायच्या डोळ्यात त्या दिवशी गुलाल गेला होता म्हणतेत.

टाकी रिकामी केली तं तळाशी गोळी सापडली. म्हणून फटाका होता असं आता कोणी म्हणू शकत नाही. हात कोणाचा होता इतकंच राह्यलं, अन् ते सांगणारी एकटी माझी सून. जीवनले धरलं होतं, कट्टा सापडला नाही म्हणून जमानत झाली. काल तो आमच्या बोळीतून तीनदा गाडी फिरवून गेला. हॉर्न नाही वाजवला, काही नाही. नुसता हळू हळू.

पोरगा धम्मरत्न वाळूजले कंपनीत, तुझे भाऊजी पुंजाजी गुडघ्यानं खाटेवर. घरात आमी दोघी बाया. भाऊ, मले भीती वाटून राह्यली. हे मी कोणाले म्हणत नाही, तुलेच लिहते. तू शिकलेला हायेस, एकदा येऊन जा.

समताले अन् वहिनीले माया. तुझ्यावर सध्या राग हाये, तू आलास का तो उतरीन.
तुझी बाई,
जनका

---

बुलढाणा
दि. २ जानेवारी २०२३

आदरणीय बाईस,
सविनय जय भीम, वि. वि.

तुझे पत्र प्रेमानंदने शाळेत आणून दिले. अक्षर पाहून बरे वाटले, मजकूर वाचून झोप उडाली. फोनचे म्हणशील तर शाळेत सहलीची गडबड होती, आणि हल्ली अनोळखी नंबर फार येतात म्हणून फोनचा आवाज बंद ठेवत होतो. तुझा नंबर अनोळखी नाही, हे तू म्हणशीलच. बरोबर आहे. चूक झाली.

आता मी जे लिहितो ते शांतपणे वाच. शांतपणा तुझ्या पत्रिकेत नव्हता असे आई म्हणायची, तरी प्रयत्न कर.

तू भंडारा उचललास तेव्हा कोणीतरी फोनवर काढलेली ती चित्रफीत मी पाहिली. आमच्या शाळेच्या कार्यालयातल्या ग्रुपवर ती आली. वांग्याचे, चुलीचे, लोकांनी तुम्हाला कसे अडवले याचे त्यात काही नाही. फक्त तू हातात भंडारा घेऊन हळद भाजीत टाकू म्हणतेस आणि मागे सगळे हसतात, एवढेच आहे. खाली कोणी काय काय लिहिले आहे ते तुला सांगत नाही. परवा जिल्ह्याच्या एका यूट्यूब चॅनेलवर यावरच चर्चा ठेवली होती. चार माणसे चार चौकटीत. एक म्हणे, शपथ घेऊन मत न देणे ही फसवणूक आहे, मतदानाला काही पावित्र्य राहिले की नाही. दुसरा म्हणे, शपथ घ्यायला लावणे हाच गुन्हा. तिसरा गावठी कट्टे कुठून येतात यावर बोलू लागला, तर त्याला सांगितले की विषय भरकटवू नका. गोळी झाडली गेली, हा विषय भरकटणे झाला बघ. चौथा नुसता ओरडत होता. शेवटी सूत्रसंचालकाने प्रेक्षकांना विचारले, श्रद्धेचा अपमान झाला असे तुम्हाला वाटते का, हो किंवा नाही कळवा. हो जास्त आले.

बाई, कायदा तुझ्या बाजूने आहे. पण कायदा तालुक्याला असतो आणि आपण गावात. म्हणून माझा सल्ला असा. तू एकदा चारचौघात हात जोडून म्हण, माझा कोणाच्या देवाला दुखवायचा हेतू नव्हता. यात तुझे काही जात नाही. वातावरण निवळले की दीपमालावरचा दाबही कमी होईल.

येण्याचे म्हणशील तर या महिन्यात रजा अवघड दिसते. भाऊजींच्या गुडघ्याला तिळाचे तेल लाव. पैसे लागले तर संकोच करू नको.

सर्वांची काळजी घे, आणि तोंडाची थोडी जास्त.
तुझा भाऊ,
भाऊराव

---

आंबदरी
दि. ६ जानेवारी २०२३

चि. भाऊराव यास,
जय भीम. तुझं पत्र पोचलं, तेल पोचलं असं समज.

हात जोडायचं म्हणतोस? जोडले. तुझं पत्र यायच्या आधीच जोडले, तुले काय वाटलं, मी इतकी अडाणी हाये? मारुतीच्या पारासमोर गेली, नारायणराव बसले होते, म्हटलं, दादा, घाईत तोंडून निघालं, कोणाचं मन दुखवायचं नव्हतं. म्हातारा माणूस खाली पाहून राह्यला. पण बाजूच्या पोट्ट्यायनं फोन वर केले अन् म्हणाले, आत्या, तो हळदीचा डायलॉग पुन्हा एकदा मारा ना. अन् त्याचीही चित्रफीत निघाली. आता लोक म्हणतेत, पाहा, घाबरली, म्हणजे चूक होती. माफी मागितली तं एक गुन्हा, नाही मागितली तं दुसरा. हरिओमनं माझ्यावर ठाण्यात तक्रारही दिली, धर्माच्या भावना दुखावल्या म्हणून. टाकीले भोक त्यायनं पाडलं अन् भावना माझ्या हातानं दुखल्या.

ठाण्यातून एक होमगार्ड आणून बसवला वस्तीत. चांगलं पोरगं हाये बिचारं, पण हातात काठी. कट्ट्यासमोर काठी. दिवसभर विहाराच्या सावलीत फोन पाहत बसते अन् मी चहा नेला का विचारते, काकू, व्हिडिओतल्या तुमीच ना? जशी काही मी नाटकात काम करते.

दीपमाला रोज कामावर जाते. मी म्हटलं घरी बस, म्हणते लसीकरणाचा दिवस हाये. वरच्या आळीत तिनं दार वाजवलं तं आतून कडी लागली. ज्या बाईचे दोन्ही लेकरं हिच्या हातावर तोललेले, तिनं खिडकीतून म्हटलं, ताई, पुढच्या खेपेले ये, आज नको. ते सांगताना दीपमाला हसली. मले तिचं ते हसणं पाहवत नाही.

आता खरी गोष्ट. परवा हरिओम स्वतः आला. ओट्यावर बसला, पाणी प्यायला, इतका गोड बोलला का मले चहात साखर टाकायची गरज पडली नाही. म्हणे, वहिनी, दोन्हीकडची पोरं हायेत, कोर्टकचेरीत आयुष्य जाते. तुमच्या सुनेनं इतकंच म्हणावं, अंधार होता, तोंड दिसलं नाही. आमी तुमच्यावरची तक्रार मागं घेतो. तिचा जबाब न्यायाधीशासमोर व्हायचा हाये, सोमवारी, तेवीस तारखेले, तालुक्याच्या कोर्टात. ही तारीख त्याले आमच्या आधी माहीत होती.

तुले खोटं काय लिहू? मी दीपमालाले म्हटलं, म्हणून टाक. तिच्या पाया पडायची बाकी राह्यली. म्हटलं, अंधार होता म्हटल्यानं तुझी जीभ झडत नाही, मी इतकं बोलली तं माझी झडली काय? ती भाकरी थापत होती. थापता थापता थांबली अन् म्हणाली, आई, मी दिसलं नाही म्हटलं ना, तं पुढच्या वेळी तो टाकीवर नेम धरणार नाही. मंग पुन्हा थापायले लागली.

मले वाटलं होतं सून गरीब गाय हाये. गाय नाही ते. धम्मरत्न शेजारणीच्या फोनवर तिच्यावर ओरडते, ती ऐकून घेते अन् म्हणते, जेवलात काय?

तू सांग, मी कोणाचं ऐकू? दुपारी वाटते तिचं खरं हाये. संध्याकाळ झाली, मोटरसायकलचा आवाज आला, का वाटते हरिओमचं ऐकावं अन् दार लावून घ्यावं. तिचं माहेर पिंपळगाव राजाले. तिथं धाडावं म्हटलं तं जीवनची बहीण त्याच गावात दिलेली, घरामागं घर. तिकडचा रस्ता बंद.

तुझं घर हाये. मी मागत नाही, लिहून राह्यली फक्त.

वहिनीले सांग, मागच्या दिवाळीतली तिची शाल माझ्या कामी येऊन राह्यली. थंडी पडली हाये, अन् पडली नसती तरी अंगात हुडहुडी हायेच.
तुझी बाई,
जनका

---

बुलढाणा
दि. १० जानेवारी २०२३

प्रिय आत्यास,
समताचा जय भीम. मी हे पत्र बाबांना न विचारता लिहिते आहे. प्रेमानंदकाकांना सांगितलंय, परत आणू नका, आत्याच्याच हातात द्या.

तुझं दुसरं पत्र बाबांनी वाचलं आणि कपाटात, माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेखाली ठेवलं. रात्री ते उठून दाराची कडी पाहतात. आई म्हणते पित्त झालंय. पित्त नाहीये, आत्या. त्यांच्या फोनवर पण तसले फोन आले होते, तोंडाने आवाज काढणारे. तुझा फोन त्यांनी मुद्दाम उचलला नाही असं नाही. तेव्हा ते कोणाचाच उचलत नव्हते, कारण त्यांना वाटायचं, उचलला तर समोर तोच असेल.

आणखी एक सांगते, रागावू नको त्यांच्यावर. शाळेत सगळ्यांनी तुझी ती क्लिप पाहिली. कोणीतरी बाबांना विचारलं, भाऊराव, ही तुमच्याच गावची ना, नात्यातली वाटते. बाबा म्हणाले, गावात आमच्या आडनावाची खूप घरं आहेत. घरी येऊन त्यांनी हे आईला सांगितलं आणि जेवले नाहीत. मी आतल्या खोलीत होते, मला ऐकू आलं.

ते वाईट नाहीत, तुला माहीत आहे. लहानपणी तू त्यांना विहिरीतून बाहेर काढलंस ते अजून मला सांगतात. पण शाळेच्या संस्थेचे लोक आणि नारायणराव यांचं जुनं येणंजाणं आहे म्हणे. निवृत्तीला दोन वर्षं उरलीत. त्यांना सगळीकडूनच भीती वाटते, आणि भीती वाटते हे म्हणायची लाज वाटते, म्हणून ते कायद्याच्या भाषेत लिहितात.

दीपमालावहिनीला इकडे पाठव. मी माझी खोली रिकामी केली आहे, पुस्तकं खाटेखाली सरकवली. बाबांना मी सांगेन. आली की नाही म्हणायची त्यांची हिंमत होणार नाही. तुझ्यासारखं बोलायला मला येत नाही, पण दारात उभं राहायला येतं.

वहिनीला म्हणावं, मी तिची वाट पाहते. तुझ्या पाया पडते.
तुझी,
समता

---

बुलढाणा
दि. १३ जानेवारी २०२३

आदरणीय बाईस,
सविनय जय भीम, वि. वि.

उशिराबद्दल क्षमा. मी इथल्या एका वकिलांना विचारले. त्यांच्या मते दीपमालाचा जबाब ठाम राहिला तर खटला उभा राहील, पण तो चालायला वर्षे लागतील आणि ती सर्व वर्षे तिने गावातच काढायची आहेत. हे त्यांनी म्हटले, मी नव्हे.

हरिओमचा प्रस्ताव मला वाईट वाटला नाही. तडजोड म्हणजे शरणागती नव्हे. आपल्या लोकांनी फार सोसले आहे, पण प्रत्येक वेळी आपल्याच घरातल्या मुलीने पुढे व्हावे असे कुठे लिहिले आहे? ज्या अश्विनीबाई आपल्या मतांवर सरपंच झाल्या, त्या एकदा तरी वस्तीत आल्या का? त्यांचे घरचे साक्षीला का येत नाहीत?

दीपमालाला इकडे ठेवण्याबद्दल तू स्पष्ट विचारले नाहीस, तरी मी स्पष्ट लिहितो. घर लहान आहे. समताची परीक्षा जवळ आली आहे, तिला स्वतंत्र खोली लागते. शिवाय ती इथे आली हे त्यांना कळायला वेळ लागणार नाही, मग दोन घरे धोक्यात. एकापेक्षा दोन वाईट, हे तुलाही पटेल.

सोमवारनंतर सगळे शांत होईल. धीर धर.

माझ्याविषयी मनात किंतु ठेवू नको.
तुझा भाऊ,
भाऊराव

---

आंबदरी
दि. १७ जानेवारी २०२३

भाऊराव यास,
जय भीम.

सोमवारनंतर सगळं शांत होईल म्हणतोस. तेच मी तुले सांगायले बसली, का सोमवारच्या आधी काय होणार हाये.

रविवारी संक्रांत होती. दुपारी गावात हळदीकुंकवाची गडबड. मी दारात गोवऱ्या रचत होती, तं मंजुळाबाई आली. एकटी. हातात तिळगुळाची वाटी, डोक्यावर पदर नाकापर्यंत. इतक्या वर्षांत ही बाई माझ्या ओट्यावर चढली नव्हती. वावरात बोलायची, बांधावर बसून माझ्या डब्यातली चटणी खायची, पण गावात आली का तिचा रस्ता वेगळा. वाटी खाली ठेवली अन् म्हणाली, जनकाबाई, मी निवडणुकीले उभी राह्यली नव्हती वं, मले उभी केली होती. म्हटलं, मले माहीत हाये. तू स्वतःच्या मनानं उभी राह्यली असतीस तं माझं मत तुलेच होतं. ते ऐकून ती रडायलेच लागली. मले रडणाऱ्या बाया आवडत नाहीत, तरी मी तिले आत घेतली.

आत आल्यावर ती बोलली ते जसंच्या तसं लिहते. म्हणे, तुझ्या सुनेनं दिसलं नाही म्हटलं तरी तो पोट्टा सोडणार नाही. कट्टा घरातच हाये, पोलीस आले तेव्हा कडब्याच्या गंजीत होता. आता जेवताना तो ताटाच्या बाजूले ठेवते, अन् नारायणराव काही म्हणत नाहीत, खाली मान घालून जेवतेत. मी म्हटलं, नारायणराव घाबरतेत काय पुतण्याले? ती म्हणाली, आमी सगळेच घाबरतो. त्यानं फटफटीवर बसून मित्रायले म्हटलं, तिले कोर्टाच्या पायरीपर्यंत जाऊच द्यायचं नाही, तिनं काहीही बोलायचं ठरवलं असलं तरी. म्हणे, माझ्या बोलण्यावर विश्वास ठेव, तिले सोमवारच्या आधी गावाबाहेर काढ. मी म्हटलं, हे पोलिसायले सांगशील काय? तिनं माझे दोन्ही हात धरले अन् नाही म्हटलं. नाही म्हणायलेच तिनं इतके घट्ट हात धरले. मंग पदर ओढून गेली.

मी तिचा राग करत नाही. ती आली, इतकंच तिच्याच्यानं झालं.

दुसऱ्या दिवशी मी ठाण्यात गेली. मंजुळाबाईचं नाव न घेता सांगितलं का नारायणरावाच्या घरात कट्टा हाये. साहेब म्हणाले, बाई, कोणी सांगितलं ते सांगा, नाहीतर झडती कशावर घेऊ? मी परत फिरली. अन् घरी येऊन पाहते तं होमगार्डाची खुर्ची रिकामी. त्याले कुठल्या यात्रेच्या बंदोबस्तावर नेलं म्हणे.

आता तुझं पत्र. घर लहान हाये म्हणतोस. मी काही बोलत नाही, तुझ्या घराची भिंत मोजायले मी आली नाही. धोका हाये म्हणतोस, ते खरं हाये. खरं असल्यामुळंच मागून राह्यली. धोका नसता तं मी माझी सून दुसऱ्याच्या दारात कायले ठेवली असती? तुले भीती वाटते तं वाटू दे. मले वाटते, तिले वाटते, नारायणरावाले त्याच्याच घरात वाटते. या गावात भीती न वाटणारा एकच हाये, अन् तो ताटाजवळ कट्टा घेऊन जेवते. तू त्याच्यासारखं व्हावं असं मी म्हणत नाही. भीत भीत ये. पण ये.

मी तिले तुझ्या घरी चोरून धाडू शकते. अर्ध्या रात्री कोणाच्या टेम्पोत बसवून दिलं तं सकाळी ती तुझ्या दारात उभी राहीन, अन् तू काही तिले हाकलणार नाहीस, इतकं मी तुले ओळखते. पण मी तसं करणार नाही. एक तं रात्री वस्तीतून निघणारी गाडी आधी त्यायलेच दिसते. अन् दुसरं, मले तुझ्या पाठीमागून काही करायचं नाही. तुझ्या तोंडाचा हो पाहिजे. बाकी तुझ्या घरातलं मले काय माहीत हाये अन् काय नाही, ते मी लिहत नाही, तूही विचारू नको.

मी काय म्हणते ते नीट वाच. शनिवारी भरदुपारी तू जीप घेऊन ये. शर्ट इस्तरीचा घाल, शाळेतला बिल्ला खिशाले लाव. मुख्य रस्त्यानं ये, पाराजवळ थांब, लोकायले जय भीम घाल, राम राम घाल. दीपमालाची पेटी तू स्वतः उचल. लोकायले दिसू दे का हिच्या मागं शहरातला मामेसासरा हाये, सरकारदरबारी लिहणारा माणूस हाये, एकटी नाही ती. रविवारी ती तुझ्या घरी राहीन. सोमवारी तू तिले कोर्टात ने, आतपर्यंत. तिथं ती काय बोलायचं ते बोलीन. मी तिले आता काहीच सांगत नाही. अंधार होता म्हण म्हटलं होतं, तेही परत घेतलं.

धम्मरत्न येतो म्हणून राह्यला. मी त्याले नको म्हटलं. तो आला तं रिकाम्या हातानं येणार नाही, अन् मंग जीवनमधी अन् त्याच्यात फरक काय राहीन? मले पोटचं पोरगं तुरुंगात नको अन् सून सरणावर नको. म्हणून तुझ्याकडे आली.

काल संध्याकाळी दीपमाला अंगणात कपडे वाळत घालून राह्यली होती. बोळीतून गाडी आली. ती आत नाही पळाली. हातातली चादर तिनं दोरीवर टाकली, नीट पसरली, चिमटे लावले. त्यातला एक चिमटा तिच्या हातून दोनदा खाली पडला. पण तिनं तो उचलला. तुझे भाऊजी खाटेवरून पाहून राह्यले होते. रात्री ते मले म्हणाले, भाऊरावले लिही. बस, इतकंच.

हो असीन तं हो लिही. नाही असीन तं नाही लिही. घर लहान अन् परीक्षा जवळ, हे काही लिहू नको, ते मी वाचलं. एक शब्द लिही अन् खाली सही कर. प्रेमानंद शुक्रवारी वीस तारखेले संध्याकाळच्या गाडीनं येते, त्याच्या हातात तुझं उत्तर पाहिजे.

उत्तर नाही आलं तं सोमवारी सकाळच्या एसटीनं आमी दोघी जाऊ, तिचा हात धरून मी. गावातला थांबा नारायणरावाच्या दारासमोर हाये. गाडी कधी वेळेवर येत नाही, तोवर तिथं उभं राहावं लागीन. इतकं ध्यानात धरून मंग पेन हातात घे.

शुक्रवारपर्यंत, भाऊ. शनिवार नाही.

तुझी मोठी बहीण,
जनका